व्याह्यांची बंद लाइन

खुद्द रेल्वेचा रेल्वेवर नसेल एवढा विश्वास आमच्या व्याह्यांचा रेल्वेवर आहे. हे मी कौतुकानं म्हणतोय की वैतागून, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. राहतात काळाचौकीला, कॉटन ग्रीन स्टेशनच्या अंगाला, एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर. जन्मभर गोदीच्या मालगाड्यांच्या कचेरीत कारकून होते. त्या गाड्या ज्या रुळांवरून धावायच्या ते रूळ आज गोदामांच्या मागे गवतात पडलेत आणि फलाटावर दिवसभर बकऱ्या बसतात. पण व्याह्यांना विचाराल तर लाइन बंद नाही, 'तात्पुरती स्थगित' आहे. गोदीतल्या कामगारांसाठी त्या लाइनवर दोन डब्यांची एक गाडी होती. ती थांबवली तेव्हा लागलेल्या नोटिशीत 'तात्पुरती' असं छापलं होतं, आणि छापलेल्या सरकारी शब्दावर अविश्वास दाखवणं या माणसाच्या रक्तातच नाही. या गोष्टीला चाळीसहून जास्त वर्षं झाली. मालगाड्या गेल्या, कचेरी गेली, व्याही स्वतः निवृत्त झाले, पण ती नोटीस अजून कुणी मागे घेतलेली नाही, हा त्यांचा मुद्दा. तसा बिनतोडच आहे म्हणा.

ही गाडी सुरू होऊन कुणाचं काय भलं होणार होतं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. भलं व्हायचं होतं ते आमच्या विहीणबाईंचं. त्यांची थोरली बहीण, ताई, लाइनच्या दुसऱ्या टोकाला गोदीच्या वसाहतीत राहते. आई लहानपणीच गेली, त्यामुळे विहीणबाईंना वाढवलं ते ताईनंच. आता ताई ऐंशीच्या पुढे गेल्यात, खोलीबाहेर पडत नाहीत, आणि त्यांना ऐकू येत नाही म्हणून फोनचा काही उपयोग नाही. समोर बसून, तोंडाकडे बघूनच त्यांच्याशी बोलावं लागतं. इकडे विहीणबाईंचे गुडघे गेलेत. रुळांनी सरळ गेलं तर दोघींत अंतर किती, गाडीनं दहा मिनिटं. पण रुळांच्या दोन्ही बाजूंना भिंती आहेत, आणि रस्त्यानं जायचं तर कंटेनरच्या ट्रेलरांची ही रांग लागलेली असते. टॅक्सीत विहीणबाईंना मळमळतं, पाय आखडतात. एका गणपतीत निम्म्या रस्त्यातून परत आल्या, तेव्हापासून बहिणींची भेट नव्हती. दहा मिनिटांवरची बहीण वर्षभर दिसू नये, हे काही बरं नाही.

व्याह्यांनी या गाडीचं वेळापत्रक केलंय. नसलेल्या गाडीचं. घरात देवांच्या फोटोंखाली ते चिकटवलेलं आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाच्या आधी ते दाखवलं जातं. एकदा मी रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. सोलकढी पिता पिता, उगीच त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "व्याही, आत्ता तुमची गाडी असती तर विहीणबाई दुपारच्या बहिणीकडे जाऊन आल्या असत्या."

"आज नाही जमलं असतं," ते म्हणाले.

"का बुवा?"

"रविवार ना. अकरा ते चार ब्लॉक."

मला वाटलं थट्टा करतायत. पण व्याही थट्टा करत नाहीत, त्यांना ती येतच नाही. "रुळांची देखभाल नको का करायला?" असं मलाच त्यांनी उलट विचारलं. पावसाळ्यात ते सगळ्या गाड्या दहा मिनिटं उशिरा धरतात. रोज सकाळी चहा झाला की फलाटावर जाऊन झाडू मारून येतात. बकऱ्यांना हाकलत नाहीत, फक्त कडेला बसू देत नाहीत. "आत्तापासून सवय असलेली बरी," म्हणतात. एवढ्या वर्षांत बकऱ्यांनासुद्धा ते पटलेलं दिसतं, कारण मी स्वतः पाहिलंय, त्या खरोखरच मागे सरकून बसतात.

आमची पहिली ओळख झाली ती टपालानं. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी यांनी आपापसात लग्न ठरवून टाकलं होतं, आता फक्त वडीलधाऱ्यांनी एकमेकांना नमस्कार करायचं बाकी होतं. मी वाट बघत होतो की मुलाकडचे फोन करतील, घरी येतील, कांदेपोहे होतील. आलं ते पत्र. 'विषय : चि. मुलाचा आपल्या कन्येशी नियोजित विवाह. संदर्भ : एक, आपल्या कन्येने आमच्या घरी येऊन केलेले तोंडी निवेदन. दोन, चि. मुलाने त्यास दिलेला दुजोरा.' शेवटी 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर.' मी बायकोला म्हटलं, "अगं, ही सोयरीक आहे की माझा खुलासा मागवलाय?" ती म्हणाली, "लवकर उत्तर द्या, नाहीतर स्मरणपत्र येईल." आलंच, पाचव्या दिवशी. त्या पत्राची प्रत त्यांनी माहितीसाठी त्यांच्याच मुलाला पाठवली होती, जो त्याच खोलीत त्यांच्याशेजारी झोपायचा.

मग घरच्या पत्रांची ही तऱ्हा, तर रेल्वेला गेलेल्या अर्जांचं काय असेल. लाइन पुन्हा प्रवाशांसाठी सुरू करावी असे त्यांनी किती अर्ज केले याची मोजदाद त्यांनी ठेवलीय, मी ठेवलेली नाही. एवढंच सांगतो, की पुढे पुढे अर्जातल्या संदर्भांची यादी मूळ अर्जापेक्षा लांब होत गेली. आणि प्रत्येक अर्जाला एक कागद जोडलेला असे, सहपत्र 'अ'. ते काय असेल? त्यांच्या स्वतःच्या लग्नाची यादी. आपल्याकडे लग्नाआधी दोन्ही घरची माणसं बसतात, कुणी काय द्यायचं, काय करायचं ते कागदावर मांडतात आणि खाली सह्या करतात, ती यादी. त्या बैठकीत ताई अडून बसल्या होत्या की धाकटीला दर आठवड्याला माहेरी पाठवणार असाल तरच पुढे बोला. आमचे व्याही तेव्हा कचेरीत नवे, गाडी नुकतीच 'तात्पुरती' थांबलेली. त्यांनी पेन काढलं आणि पातळं, पितळी समई, दोन वेळची पंगत यांच्या खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'गाडी पूर्ववत सुरू होताच मुलीस दर आठवड्यास माहेरी पाठविणे. जबाबदारी वरपक्षाची.' आता सांगा, लग्नाच्या यादीत रेल्वेला कुणी घालतं का? हुंडा न घेणारे खूप पाहिले, पण अख्खी लाइन देऊ करणारा नवरदेव मी दुसरा पाहिलेला नाही. ताईंनी सही केली. पुढे एका साहेबाचं उत्तर आलं होतं की सहपत्र 'अ' मधील पातळे व समई हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. व्याह्यांनी ते उत्तर फार गांभीर्यानं घेतलं आणि पुढच्या अर्जात फक्त शेवटच्या कलमाखाली लाल रेघ मारली.

अर्जासाठी सह्या गोळा करण्याचं तर त्यांना व्यसनच. आमच्या मुलांच्या लग्नात वरपिता म्हणून फेटा बांधून उभे होते आणि काखेत रजिस्टर. 'कृपया आहेर आणू नये' असं पत्रिकेत छापलं होतं, सही करू नये असं छापलं नव्हतं. स्टेजवरून उतरणारा प्रत्येक पाहुणा आधी सही करायचा आणि मग जेवायला जायचा. गुरुजींनी केली, सनईवाल्यानं केली. माझ्या थोरल्या भावानं सही करून झाल्यावर जिलबी खाता खाता मला विचारलं, "कशाची रे होती? सोसायटीची का?" एकदा मीच त्यांना सकाळी शिवाजी पार्कला घेऊन गेलो, म्हटलं इथं शिकलेली, निवृत्त, वजनदार माणसं फिरायला येतात, त्यांच्या सह्यांना किंमत असेल. एका निवृत्त इंजिनियरांनी काठीनं मातीत नकाशा काढून दाखवलं की मुळात ही लाइन चुकीच्या जागी टाकलीय. दुसऱ्यांनी सही करण्याआधी अर्जाचा मजकूर तीन ठिकाणी सुधारला. तिसऱ्यांनी विचारलं, "दादरला थांबणार का?" "नाही," व्याही म्हणाले. "मग आम्हाला काय उपयोग?" ते म्हणाले, पण सही केली. व्याह्यांचा चेहरा असा आहे की त्यांना नाही म्हणायला माणूस कोडगाच असावा लागतो.

आणि गेल्या थंडीत काय झालं असेल, तर उत्तर आलं. खरंखुरं उत्तर. बंद पडलेल्या काही लाइनींवर प्रवासी गाड्या सुरू करता येतील का याचा विचार चालू आहे, तरी अमुक मंगळवारी अकरा वाजता साहेब जागेवर येऊन पाहणी करतील आणि संभाव्य प्रवाशांचं म्हणणं नोंदवतील. हे पत्र त्यांनी मला फोनवर तीनदा वाचून दाखवलं. खोताच्या वाडीच्या तोंडाशी आमचं घर आहे, तिथल्या गोंगाटात मला दोनदा नीट ऐकूच आलं नव्हतं, पण तिसऱ्यांदा त्यांचा आवाज जरा कापला तो बरोबर ऐकू आला.

चाळीच्या गॅलरीत सभा भरली. सगळी चाळ मदतीला तयार होती, व्याही कुणाच्या अडल्यानडल्याला धावले नाहीत असं त्या चाळीत बिऱ्हाड नाही. एक जण व्याह्यांना म्हणाला, "भाऊ, काय काळजी करू नका. आम्ही सगळे सांगतो, डेली जायचंय म्हणून." झालं, व्याही उभे राहिले. "एक अक्षर खोटं बोलायचं नाही," ते म्हणाले. "फॉर्म सरकारी आहे. विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं." हे मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. फोन करून म्हटलं, "अहो व्याही, थोडं इकडचं तिकडे झालं तर काय आभाळ कोसळतंय? बहिणी-बहिणी भेटतील ना त्यानं." ते म्हणाले, "खोट्या फॉर्मावर सुरू केलेली गाडी टिकत नाही." ज्या माणसाला चाळीस वर्षांत गाडी सुरू करता आली नाही तो ती टिकण्याची काळजी करत होता. मी रागानं फोन ठेवून दिला.

मंगळवारी मी आणि बायको गिरगावहून टॅक्सी करून गेलो. फलाटावर पाऊल ठेवलं तर हळदीकुंकवाला यावी तशी नटून-थटून माणसं आलेली. भजनी मंडळाच्या बायका एका रंगाच्या साड्यांत होत्या. म्हाताऱ्यांनी इस्त्रीचे सदरे घातले होते. कुणी चहाचा थर्मास आणला होता. रुळांवरचं गवत पाहणीसाठी काढलेलं होतं आणि त्यावर रेल्वेची ढकलायची ट्रॉली उभी होती, बाकडं बसवलेली, बरोबर ढकलणारी चार माणसं. साहेब चाळिशीचे, नारिंगी जाकीट घातलेले, हातात टॅब. त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली.

"कुठून कुठे प्रवास कराल?" त्यांनी भजनी मंडळाच्या बाईंना विचारलं.

"आम्ही कुठं जातोय? भाऊंनी सांगितलं, आलो."

मग एक निवृत्त गिरणी कामगार पुढे झाले. "मी खंय जातलंय, सायबा? भाऊंनी बोलावल्यानी म्हणान इलंय. चाय घेतलंय, बरा वाटला." एका मुलीनं सांगितलं की तिचं ऑफिस ठाण्याला आहे, पण लाइन झाली तर क्यूट वाटेल. असं एकामागून एक चालू झालं. सगळे खरं बोलत होते, अगदी व्याह्यांनी शिकवलं तसं, आणि साहेबांचं बोट टॅबवर पुन्हा पुन्हा 'लागू नाही' याच चौकटीवर पडत होतं. माझी पाळी आली तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "रोज. सकाळ-संध्याकाळ." मागून आवाज आला, "साहेब, हे गिरगावात राहतात. यांचं खोडा." सख्ख्या व्याह्यानं माझी साक्ष खोडली. मी असं काही बघितलंय त्यांच्याकडे.

शेवटी साहेब त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "काका, माणसं एवढी आलीत. पण जाणारं कुणीच नाही हो. रिकामी गाडी कशी सोडायची आम्ही?"

"खरं आहे," व्याही म्हणाले. "तसंच लिहा." आवाज नेहमीचाच होता, पण काखेतलं रजिस्टर घसरायला लागलं होतं आणि त्यांना ते वर घेता येत नव्हतं. इतकी वर्षं या माणसाची मी टिंगल केली त्याची मला त्या क्षणी लाज वाटली.

फलाटाच्या टोकाला विहीणबाई खुर्चीवर बसल्या होत्या. चाळीतल्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. ठेवणीतली इरकल नेसलेल्या, मांडीवर कापडी पिशवी. मला वाटलं, नवऱ्याच्या शब्दाखातर आल्यात. साहेब जाता जाता त्यांच्यापाशी थांबले आणि रीत म्हणून विचारलं, "आजी, तुम्हाला कुठं जायचंय?"

"माका ताईकडे जावचा आसा," विहीणबाई म्हणाल्या. "वसाहतीत. गाडी किती वाजता?"

चाळीस वर्षं त्या 'यंदा सुरू होईल' हेच ऐकत आल्या होत्या. आज साहेब येणार, चाळ नटून निघाली, रुळांवरचं गवतही निघालं. त्यांनी आपलं धरलं की आजच गाडी आहे. तसं नाही, हे त्यांना सांगायला हवं असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. पिशवीत ताईंसाठी खोबऱ्याच्या वड्या होत्या आणि लोकरीच्या मोज्यांची जोडी होती, कारण ताईंचे पाय गार पडतात. व्याही माझ्याकडे बघायला लागले, जणू मला काही उत्तर माहीत असणार होतं.

साहेब माणूस चांगला होता. ट्रॉलीकडे बोट करून म्हणाला, "काका, आम्ही आता यावरून त्या टोकापर्यंत पाहणी करत जाणार आहोत. जागेची माहिती असलेलं एक माणूस मला बरोबर घेता येतं. एकच. तुम्ही चला, हक्क आहे तुमचा."

त्या लाइनवरून पुन्हा जायचं म्हणून ज्यानं अर्धं आयुष्य कागद काळे केले, तो माणूस क्षणभर ट्रॉलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला नको. हिला न्या."

"आजींना या जागेची माहिती आहे?"

"तिच्या माहेरची वाट आहे ती," व्याही म्हणाले. "तिच्याहून जास्त कुणाला माहीत असणार?"

चौघांनी विहीणबाईंना उचलून बाकड्यावर बसवलं. साहेब शेजारी बसले आणि त्यांनी त्यांचा दंड धरला. विहीणबाईंनी पिशवी पोटाशी घेतली, पदर सारखा केला, आणि आमच्याकडे न बघता सरळ समोर बघत बसल्या. ट्रॉली निघाली. भजनी मंडळातल्या एका बाईनं नकळत हात जोडले. आता मागाहून सांगतो, त्या पाहणीचा अहवाल आला, लाइन काही सुरू झाली नाही आणि होणारही नाही. 'प्रवाशांची अपेक्षित मागणी : एक' असं त्यात लिहिलंय. विहीणबाई आठ दिवस ताईंकडे राहिल्या. दोघी सकाळपासून समोरासमोर बसून बोलत होत्या म्हणे, आणि परत येताना टॅक्सी ट्रेलरांत तीन तास अडकली त्याचं त्यांना काही वाटलं नाही. व्याह्यांनी त्यानंतर एकही अर्ज केलेला नाही. मी त्यांना परवा विचारलं की आता दिवसभर करता काय, तर म्हणाले, "बसतो हिच्याजवळ." मला त्यांच्या त्या लांबलचक अर्जांची चुटपुट लागेल असं कधी वाटलं नव्हतं, पण लागलीय खरी.

त्या दिवशी ट्रॉली गोदामाच्या मागे वळली, चाकांचा आवाज थांबला, माणसं पांगली, बायकोही त्यांच्याबरोबर चाळीकडे गेली. फलाटावर आम्ही दोघेच उरलो. मी म्हटलं, "चला व्याही, ऊन फार झालं." ते हलले नाहीत. रिकाम्या रुळांकडे बघत, मला नाही तर स्वतःलाच सांगावं तसं हळू म्हणाले, "रिकामी नाही गेली हो." मी त्यांचा हात धरून त्यांना फलाटावरून खाली उतरवलं, कारण त्यांना पायरी दिसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट दिसत नव्हती.